नमुना क्रमांक सत्तेचाळीसच्या उत्तरांमधील दुरुस्त्या

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा कुलपे दुरुस्त करणे (आता निवृत्त), राहणार विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरील दोन खोल्यांचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कोणी सांगितले म्हणून नव्हे आणि कोणाला घाबरून तर मुळीच नव्हे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी म्हणत नाही, मानसशास्त्र विभाग म्हणतो. तीसपैकी सत्तावीस गुण. गेलेल्या तीनपैकी एक गुण 'आज वार कोणता' याचा होता. निवृत्त माणसाला वार घेऊन करायचे काय, हे त्यांना कोणी सांगावे!

या कागदात कोणाचेही नाव सापडणार नाही. एकतीस वर्षे विद्यापीठाने मला प्रबंधांमध्ये 'नमुना क्रमांक सत्तेचाळीस' असे छापले, गोपनीयतेसाठी म्हणे. मीही त्यांची गोपनीयता पाळतो. फिट्टंफाट.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. कुलूपवाला सगळ्याच विभागांत जातो. दार उघडून मिळाले की आतला विद्यार्थी हमखास म्हणतो, "काका, दोन मिनिटं आहेत का?" त्या दोन मिनिटांत माझी एकतीस वर्षे गेली. एकूण एकसष्ट संशोधनांत मी आहे. माझे दात, माझे घोरणे, माझे राजकीय मत, माझ्या डाव्या पायाची बोटे, सगळे ग्रंथालयात आहे, फक्त वेगवेगळ्या मजल्यांवर.

पहिल्याच वर्षी संख्याशास्त्राच्या एका मुलीने मला बजावले होते, "काका, एक लक्षात ठेवा. दर वेळी तेच उत्तर द्या. उत्तर बदललं की नमुना बाद." तिला बहुधा जन्मतारखेबद्दल म्हणायचे असावे. मी ते सगळ्याच उत्तरांना लावले. या मृत्युपत्राची गरज पडली ती त्यामुळे.

कलम १. माझा देह. यावर सहा विभागांनी हक्क सांगितला आहे आणि मी जिवंत असतानाच समिती नेमली आहे. समिती माझ्याच घरी भरली. गुडघ्यांचा अभ्यास करणारे साहेब म्हणाले, "गुडघे आमचे, सोळा वर्षांची गुंतवणूक आहे." दंतवैद्यकाच्या बाई म्हणाल्या, "मग जबडा आम्ही आधीच नेतो." मी चहा गाळत होतो. "मी जरा बसू का? गुडघा दुखतोय," असे मी म्हणालो, तेव्हा साहेबांनी वही काढून विचारले, "डावा की उजवा?" खुर्ची कोणी दिली नाही.

सबब माझा देह कोणालाही तुकड्यांनी मिळणार नाही. शरीरशास्त्र विभागाने तो अख्खा न्यावा आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना द्यावा. ती मुले निदान घाबरतील तरी.

कलम २. माझे घोरणे, ध्वनिफितीवर, एकूण चाळीस तास. झोपेच्या डॉक्टरांच्या मते हा आजार आहे. संगीत विभागाच्या मते त्यात लय आहे. दोघांनी एकाच फितीवर डॉक्टरेट मिळवली आणि आता एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. फीत दोघांच्या सामायिक मालकीची राहील आणि ती दोघांनी एकाच खोलीत बसून ऐकावी, अशी माझी इच्छा आहे.

कलम ३. इतिहास विभागास एक कबुली देतो. विद्यापीठाच्या 'मोठ्या आगी'चा मी एकमेव साक्षीदार आहे, असे तीन ग्रंथांत छापले आहे. आग उपाहारगृहात लागली होती आणि एक पडदा जळाला होता. मुलाखत घेणारा पोरगा इतका आशेने बघत होता, की मी दोन इमारती वाढवल्या. त्या इमारती परत घेतो. पडदा ठेवावा.

कलम ४. भाषाशास्त्र विभागाने माझ्याकडून तीनशे बारा वेळा 'नाही' म्हणवून घेतले आणि मी 'नाही' चार प्रकारे म्हणतो असा शोध लावला. माझी बायको म्हणाली होती, "पाचवा प्रकार त्यांना काय कळणार? 'नाही' म्हणून तुम्ही चप्पल घालता तो." हा पाचवा प्रकार तिच्या नावावर नोंदवावा.

कलम ५. माझी हत्यारे, म्हणजे कानशी, किल्ल्या घासायचे यंत्र आणि पत्र्याच्या डब्यातल्या जवळपास हजार बिनकुलपाच्या किल्ल्या, कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणाऱ्या बाईंना द्याव्यात. तिने मला आयुष्यात एकही प्रश्न विचारलेला नाही.

कलम ६. बुरशीचा अभ्यास करणाऱ्या बाईंना मी काहीही देत नाही. त्या या कागदाच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. याचे मला फार वाईट वाटते. माझ्या बोटांमधली बुरशी पाहून निष्कर्ष मला येऊन सांगणारी एकसष्टांतली ती एकटीच. "काका, पाय कोरडे ठेवा," म्हणाली आणि पुढच्या खेपेला टॉवेल घेऊन आली. टॉवेल तिचाच आहे. मालमत्तेत धरू नये.

कलम ७. दुरुस्त्या. मुख्य कलम हेच आहे.

प्रत्येक अर्जावर एक रकाना असतो. घरातील एकूण व्यक्ती. पहिल्या वर्षी मी लिहिले, तीन. मी, बायको आणि मुलगी, जिला घरात ठकी म्हणतात. खरेच होते. पुढे ते खरे राहिले नाही, तरी मी दर वर्षी तीनच लिहीत गेलो. सातत्य! आहारशास्त्र विभागाने माझा किराणा मोजला, त्याला तीनने भागले आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. 'ज्येष्ठांच्या कुटुंबांतील छुपी उपासमार' या विषयावर परिषद भरली. परिषदेत जेवण उत्तम होते. मी दोनदा वाढून घेतले, त्याचीही कोणीतरी नोंद केली.

दुसरा रकाना, मुलीशी संबंध. माझे उत्तर नऊ वर्षे एकच, समाधानकारक. मानसशास्त्रवाले त्यावरून म्हणतात, मी सुखी आहे. समाजशास्त्रवाले माझ्या घराला किती लोक भेट देतात ते मोजून म्हणतात, मी एकाकी आहे. दोन्ही विभाग एकाच जिन्यावर आहेत. पण एकमेकांना विचारतील तर शपथ!

खरे काय ते आता लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी भर दुपारी माझी बायको याच स्वयंपाकघरात कोसळली. मी गुडघ्यांच्या प्रयोगशाळेत फिरत्या पट्ट्यावर चालत होतो. अंगभर तारा चिकटवलेल्या, सदरा खुंटीला आणि फोन सदऱ्याच्या खिशात. एकदा मी म्हणालो, "फोन वाजतोय वाटतं." साहेब म्हणाले, "अजून दहा मिनिटं, काका, आलेख फार सुंदर येतोय." मी चालत राहिलो. हे साहेबांवर ढकलत नाही. पट्ट्यावरून उतरता मलाही येत होते. पण आलेख सुंदर येतोय, हे ऐकून मला बरे वाटत होते. चारला घरी पोचलो, तोवर ती गेली होती.

पंधरा दिवसांनी ठकी म्हणाली, "बाबा, सतरा वेळा फोन केला मी. अख्ख्या विद्यापीठाला तुम्ही वेळ दिलात. आईच्या वाट्याला नाही आला."

यावर गप्प बसायचे होते. माझ्या जिभेला कुठले हाड! मी म्हणालो, "मग तूही एक फॉर्म काढ. भरून देतो." ती पिशवी घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी दाराचे कुलूप बदलले. आयुष्यभर लोकांची दारे उघडून दिलेल्या माणसाने हे केले, हे इथे लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी ती आईचा चष्मा न्यायला आली होती. सायकलवाल्या बाईने पाहिले, नंतर मला सांगितले. ठकीने किल्ली तीनदा फिरवली, मग ती पायरीवर थोडा वेळ बसली आणि गेली. मी तेव्हा मानसशास्त्र विभागात कौटुंबिक समाधानाचा अर्ज भरत होतो. शंभर प्रश्न होते. शंभरही भरले.

सबब दुरुस्ती अशी. घरातील एकूण व्यक्ती, एक. मुलीशी संबंध या रकान्यात चार पर्याय असतात. त्यांतला एकही माझ्या उपयोगाचा नाही. बाजूच्या कोऱ्या जागेत मी लिहितो, चूक माझी. याने नमुना बाद होत असेल तर खुशाल होऊ द्यावा. एकसष्ट प्रबंध कोसळले तरी चालतील. नाहीतरी ते कोणी वाचलेले नाहीत, मी सोडून.

कलम ८. घर, बँकेतली शिल्लक, भांडीकुंडी आणि आईचा चष्मा, सर्व काही ठकीला. अट कोणतीही नाही. आधीच्या तीन मसुद्यांत अट होती, की तिने एकदा येऊन भेटावे. ती मी खोडली आहे. अट घालायचा हक्क माझा कधीच गेला.

कलम ९. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, हा रिवाज मला मान्य नाही. मेल्यावर दुरुस्ती करून कोणाला काय मिळणार? याची एक प्रत आजच टपालाने ठकीकडे जावी. दाराला जुनेच कुलूप मी परत बसवले आहे. नऊ वर्षे ते तेल लावून कपाटात ठेवले होते. तिच्याकडे असेल तशीच एक जुनी किल्ली माझ्याकडे होती, ती लावून पाहिली. पहिल्याच फेरीत फिरते.

साक्षीदार १. बुरशीच्या अभ्यासक बाई. यांनी सही करताना लिहिले, "माझ्यासमोर सही केली. सहीआधी काकांनी तीनदा पेन बदलले, त्याची मी नोंद घेतलेली नाही. पाकीट मी स्वतः पेटीत टाकते."

साक्षीदार २. तत्त्वज्ञानाचे मास्तर. यांनी विचारले, "सगळे भाग बदलून पुन्हा बसवलेलं कुलूप तेच कुलूप म्हणायचं का?" त्यांना सांगितले, एकही भाग बदललेला नाही, गुपचूप सही करा. केली.

सही, नमुना क्रमांक सत्तेचाळीस, म्हणजे ठकीचा बाबा.

ठिकाण, स्वयंपाकघर.
दिनांक, ९ ऑक्टोबर. वार बुधवार, विचारून लिहिला आहे.
वेळ, दुपारचे बारा. चार वाजता मी घरीच आहे. उद्याही.