कळवलं असतं तर

प्रिय शीला,

तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र धर्मेंद्रच्या हाती देते आहे. माझा भाऊ म्हणून तू त्याला दारात उभं करणार नाहीस कदाचित, पण पंचायत समितीचं काम आटोपलं की तो स्वतः सूर्यमाळला येईल आणि पाकीट तुझ्याच हातात देईल, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. वाचून झाल्यावर काय करायचं ते तू ठरव. पण शेवटपर्यंत वाच. तीन दिवस मी लिहायला बसतेय आणि उठतेय. 

नववीत देवराम गुरुजींनी इंग्रजीतले जर-तर शिकवले होते, आठवतं? इंग्रजीच्या तासाला अख्खा वर्ग वहीत तोंड घालून बसायचा. गुरुजींनी मला उठवलं होतं. म्हणाले, 'पाऊस पडला असता तर भात पिकला असता. आता सांग, पाऊस पडला की नाही?' मला 'हॅड' आणि 'वुड हॅव'चं सूत्र तोंडपाठ होतं, म्हणून या प्रश्नालाही मी तेच म्हणून दाखवलं. तू मागच्या बाकावरून, न उठताच म्हणालीस, 'नाय पडला, गुरुजी. पडला असता म्हंजे पडलाच नाय.' वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, 'सूत्र विसरलात तरी चालेल, हिनं सांगितलं ते विसरू नका.' पहिला नंबर माझा यायचा, पण समजायचं तुला. दहावी झाली, तुझी आई अंथरुणाला खिळली आणि तुझी शाळा तिथेच थांबली. मी जव्हारला कॉलेजात गेले, मग मुंबईला.

मुंबईत येऊन मला चार वर्षं झाली. मोखाड्यात सगळ्यांना वाटतं, प्रतिभा तिकडे मोठं काहीतरी करतेय. खरं सांगू? मी इथे रोज घाबरलेली असते. बैठकीत काही बोलायचं तर आधी मनात मराठी वाक्य बांधते, मग त्याचं इंग्रजी करते, तोवर लोक पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. पहिल्या वर्षी एकदा बोलले, तर समोरची मुलगी गालात हसली. तेव्हापासून माझं बोलणं 'यस सर'पुरतंच राहिलं. आमचे सर वाईट माणूस नाहीत. पण माझी पीएचडी, राहण्याची जागा, सगळं दरवर्षी त्यांच्या सहीने पुढे जातं. 

सप्टेंबरात मी तुझ्याकडे आले ती याच कामासाठी. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या ज्या बायका बाळंतपणात, दवाखान्यात पोचायच्या आधीच गेल्या, त्यांच्या हकिगती गोळा करायच्या होत्या. तुझ्या पाड्यातली सुकरी चौथी. ती जाऊन बारा दिवस झाले होते. पाड्याची आशासेविका म्हणून तू ओट्यावर बसून सांगत होतीस आणि मी माझ्या फोनमध्ये तुझं बोलणं रेकॉर्ड करत होते. 'सकाळीच कळा लागल्या. तिचा रंग पाहूनच मला शंका आली. पाड्यात रेंज नाय, तवा टेकडावं पळत गेले. दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, ते म्हनले निघतो. पर खालच्या ओढ्यावरची मोरी वाहून गेलेली. लांबून फिरून गाडी आली तवा अडीच वाजलेले.' पोर गाडीतच झाली आणि मग रक्त थांबेना. घाटाच्या वळणावर सुकरीने तुझा हात सोडला, तेव्हा तुला वाटलं की ती दमून झोपली. हे सांगताना तू रडली नाहीस. सुपात तांदूळ निवडत राहिलीस. ती एवढीशी पोर आतल्या घरात तिच्या आजीजवळ रडत होती. सुकरीचा नवरा जगन तेव्हा ठाण्याला बांधकामावर होता, तो दुसऱ्या दिवशी पोचला होता.

तू जे केलंस ते माझ्या लेखात ठळक यावं, एवढंच माझ्या मनात होतं. म्हणून तुझ्या पाड्याच्या हकिगतीच्या शेवटी मी माझं एक वाक्य घातलं. मनातलं मराठी असं होतं : आशाने वेळेवर कळवलं आणि रस्ता चालू असला, तर बाई दवाखान्यात पोचते. म्हणजे नुसतं कळवून भागत नाही, रस्ताही लागतो. ही नेहमीची, कुठल्याही पाड्याला लागू पडणारी गोष्ट. इंग्रजीत अशा ठिकाणी साधा वर्तमानकाळ लागतो. पण आपण 'कळवलं तर' म्हणतो तेव्हा क्रियापद झालेल्या गोष्टीसारखं दिसतं. मी ते तसंच उचलून इंग्रजीत भूतकाळात ठेवलं, आणि पुढे अंदाजाने एक 'वुड' लावून दिला. वाक्य धड इकडचं ना तिकडचं.

लेख छापायच्या आधी एका बाईंकडे भाषा तपासायला गेला. त्या ना कधी मोखाड्याला आलेल्या, ना तुला ओळखणाऱ्या. त्यांनी पाहिलं, बाई तर मेलेली आहे, वाक्यात भूतकाळ आहे, 'वुड'ही आहे. म्हणजे हिला न घडलेल्या गोष्टीबद्दलच म्हणायचंय. त्यांनी 'हॅड' घातला, 'वुड हॅव' घातलं. व्याकरण स्वच्छ झालं. त्याच वेळी लेख लांबला म्हणून टेकडीवरून फोन लावल्याची तुझी सगळी हकिगत कापली गेली. राहिलं ते एवढंच : आशाने वेळेवर कळवलं असतं आणि रस्ता चालू असता, तर ही आई दवाखान्यात पोचली असती. शीला, तुला यातला अर्थ कोणी समजावून सांगायला नको. तू वेळेवर कळवलंच नाहीस, असं ते वाक्य म्हणतं.

तपासलेली पानं बैठकीत आली. सर ती भराभर उलटत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, 'सगळं बरोबर आहे ना, प्रतिभा?' मी म्हटलं, 'यस सर.'

फेब्रुवारीत लेख एका इंग्रजी नियतकालिकात छापून आला. त्यात तुझं नाव नव्हतं, पण डोंगरावरचा पाडा, सप्टेंबर महिना, वाहून गेलेली मोरी. मोखाड्यातल्या कोणालाही कळावं. मार्चमध्ये कुठल्याशा पेपरात त्याचं मराठी आलं, त्यात रस्त्याचा भागही गळाला. आशासेविकेने वेळेवर कळवले असते तर माता वाचली असती. कोणीतरी ते कात्रण व्हॉट्सअॅपवर टाकलं. मला कळलं ते धर्मेंद्रच्या फोनने. 'ताई, शीलाताईला नोटीस निघालीय. कामावरून काढतील म्हणतात. आणि जगन ठाण्याहून आलाय. भांडत नाही, शिवी देत नाही. रोज सकाळी येऊन तिच्या दारासमोर बसतो नुसता.' मी विचारलं, पाड्यातले लोक काय म्हणतात? तो म्हणाला, 'सुकरीची सासू म्हणते, शीला टेकडीकडे गेली ते आम्ही पायलं. फोन कवा लावला, आम्हाला काय ठाव. कागदावर आलंय म्हंजे खरंच असंल.' त्या दिवसानंतर तुझं काही बरंवाईट झालं असं ऐकायला मिळेल, या भीतीने मी धर्मेंद्रचा नंबर पाहूनही कितीदा फोन तसाच वाजू दिला.

गेल्या आठवड्यात मी आले होते. तुला माहीत नाही, किंवा कदाचित माहीत असेल. मोखाड्याहून जीप धरली, विहिरीच्या अलीकडे उतरले. टँकर नुकताच विहिरीत पाणी ओतून गेला होता. बायकांची झुंबड होती. तू आलीस, हंडा ठेवलास, आणि शेजारच्या दोघींनी आपापले हंडे उचलून पलीकडे नेले.  त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तू खाली मान घालून दोर सोडत होतीस. वीस पावलांवर, दगडावर, जगन बसला होता. मांडीवर सुकरीची पोर. तो तुझ्या हातांकडे एकटक बघत होता. मला वाटलं आता तो उठेल. तो उठला नाही. पोरीच्या अंगावरची माशी हाकलली आणि पुन्हा तुझ्याकडे बघत बसला. तू एकदाच मान वर केलीस, जीपच्या दिशेने. मी ओढणी तोंडावर घेतली. ड्रायव्हरने विचारलं, 'कोणाला भेटायचं नाय का, मॅडम?' मी नाही म्हणाले आणि परत आत बसले. 

वर मी एक गोष्ट खोटी लिहिली. खोटी नाही, अर्धी. बैठकीत पानं भराभर उलटली हे खरं, पण त्याआधी ती पानं दोन दिवस माझ्याकडे होती. ते वाक्य मी पहिल्याच दिवशी चार वेळा वाचलं. मला कळलं होतं, शीला. मागच्या बाकावरचा तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला होता. पण दुरुस्ती सांगायची तर मुळात माझंच इंग्रजी चुकलं होतं, हे सांगावं लागणार. मग सर विचारणार, बाकीचं तरी बरोबर लिहिलंस का? ती मुलगी पुन्हा गालात हसणार. आणि मी मनाशी म्हटलं, सूर्यमाळला इंग्रजी वाचणारं आहे कोण? त्या वाक्यासमोर समासात मी 'ओके' लिहिलं. ते माझ्या अक्षरात आहे. भाषा तपासणाऱ्या बाईंना माहीत नव्हतं. सरांनाही माहीत नव्हतं. ठाऊक असून गप्प बसलेली मी एकटीच.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, 'हे लेखी दिलंस तर तुझ्या पीएचडीचं काय होईल, ते मला आज सांगता येणार नाही.' ते चिडून बोलले असते तर मला इतकी भीती वाटली नसती. मी त्यांच्यासमोरच नियतकालिकाला लेखी कळवलं. काल त्यांचं उत्तर आलं, चूक सुधारून छापणार आहेत, पण दीड-दोन महिने लागतील. सरांनी त्यानंतर मला बोलावलेलं नाही.

तुझी चौकशी मात्र येत्या मंगळवारीच आहे. तुझा फोन मी येऊन गेल्यावर त्याच पावसाळ्यात पाण्यात पडून गेला, रुग्णवाहिकेच्या नोंदी अजून आलेल्या नाहीत, म्हणजे तुझ्या हातात काहीच नाही, असं धर्मेंद्र म्हणाला. माझ्याकडे आहे. त्या दिवशी ओट्यावर मी तुझ्या फोनवरच्या कॉलच्या यादीचा फोटो काढला होता, नेहमीची पद्धत म्हणून. तारीख, रुग्णवाहिकेचा फोन नंबर आणि वेळ, सकाळचे दहा वाजून सात मिनिटं, सगळं त्यात दिसतं. पाकिटात त्याची मोठी प्रत आहे आणि तुझ्या बोलण्याची शब्दन्‌शब्द उतरवलेली प्रतही. तिसरं हे पत्र. ते मी माफीसाठी लिहिलेलं नाही. माफी मागायचं तोंड मला नाही. हे मी तुला चौकशीच्या टेबलावर ठेवता यावं म्हणून लिहिलं. म्हणूनच तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही पहिल्यापासून सांगत आले, परक्या माणसाला वाचून समजाव्यात म्हणून. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. आधी जगनला वाचून दाखव, त्याचा हक्क पहिला आहे. मंगळवारी अकरा वाजता मी मोखाड्याला येते आहे. 'हे तुम्हीच लिहिलंत का?' असं मला विचारतील.  मी हो म्हणेन, मराठीत आणि मोठ्याने. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. फक्त हे पत्र रागाच्या भरात फाडू नकोस. ते घेऊन आत जा.

तुझीच,
प्रतिभा