रांगोळीत पडलेला पाय

मंदावन्सं,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. पाडव्याला पंचवटीत तुमच्या दारातल्या रांगोळीत माझ्या सानिकाचा पाय पडला, तर "आंधळी आहेस का गं?" म्हणत तुम्ही तिच्या थोबाडीत मारलीत. सहा वर्षांच्या पोरीच्या!

काल डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. पण जन्मताना मेंदूला इजा झाली, तेव्हाच मेंदूतला बघण्याचा भाग कमजोर पडला. समोरचं, वरचं दिसतं. पायाशी असलेलं दिसत नाही.

तुम्हाला फोनवर सांगितलं, तर म्हणालात, "मग माझ्या हर्षलच्या साखरपुड्याला तिला आणू नकोस. मुलीकडचे म्हणतील, यांच्या रक्तातच खोट आहे." शी! ज्या कानाने ते ऐकलं, तो धुवावासा वाटला.

तुमचा भाऊ म्हणतो, "जाऊ दे, ताई मोठी आहे." म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय घास उतरेना.

"पोरगी पाया पडत नाही, आईने वळणच लावलं नाही," असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता. वन्सं, तुमचे पाय तिला दिसतच नाहीत. तोंड मात्र स्वच्छ दिसतं. म्हणून तर तुम्ही आलात की ती माझ्यामागे लपते.

तुमच्या भावाची बायको,
तेजस्विनी