मंगळवार-गुरुवारच्या डिश

पुणे,
८ जून २००१

प्रिय श्रद्धा,

सप्रेम नमस्कार. हे सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद चांगला आहे.

तू बंगळूरला मजेत असशीलच. काल मंडईत तुझी आई भेटली. भेंडी निवडता निवडता सुशीलाकाकू म्हणाल्या, "आमची श्रद्धा पुढच्या महिन्यात अमेरिकेला चालली. तुझं काय गं, अजून त्या पेशीच का?"

"हो काकू, पेशीच. त्याही तुमच्या श्रद्धाने जेवू घातलेल्या."

त्या हसल्या. विनोद त्यांना कळला नाही, हे बरंच झालं.

तुला तीन ई-मेल पाठवल्या. उत्तर म्हणून एक गणपती आला, दहा जणांना पुढे न पाठवल्यास अपशकुन होईल असा. म्हणून हे पत्र.

श्रीधर सरांनी पहिल्या वर्षी शिकवलेलं तू विसरली असशील. इन्शुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटतं, निरोप आत जातो आणि पेशी तो रिसेप्टरच इन्शुलिनसकट आत ओढून घेते. इन्शुलिन तासन्‌तास तिथेच राहिलं, तर बाहेर फारसे रिसेप्टर उरत नाहीत. म्हणून तर प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी डिशमधलं इन्शुलिन घातलेलं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, काढून साधं घालायचं. पेशींना रात्रभर उपास. सकाळपर्यंत रिसेप्टर पुन्हा वर येतात. मग मी इन्शुलिन द्यायचं आणि किती आत गेले ते मोजायचं. सकाळ माझी, आदली संध्याकाळ तुझी.

माझ्या आकड्यांत जवळजवळ एकही आत गेला नाही. मी तो शोध समजून परिषदेत मांडला. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी करून पाहिलं, त्यांचे व्यवस्थित आत गेले. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नम्रता, हे आकडे मोजलेस की नुसते लिहिलेस?"

मग तीन आठवडे मी सगळं एकटीने पुन्हा केलं. उपास घडलेल्या प्रत्येक डिशमध्ये रिसेप्टर आत गेले. शेवटी मुद्दाम एक डिश मीडियम न बदलता ठेवली. आले आपले जुने आकडे! आधीच आत जाऊन बसलेले आणखी कुठे जाणार?

वही काढली. माझे प्रयोग बुधवारी आणि शुक्रवारी, प्रत्येकाच्या आदल्या दिवशी तुझी नोंद, "मीडियम बदललं, सायं. ६", खाली सही. मंगळवार-गुरुवारी साडेपाचला डेक्कनवर तुझा कॉम्प्युटरचा, जावाचा क्लास असायचा. "आज जमलं नाही" एवढं जरी लिहिलं असतंस, तर मी त्या डिश फेकून दिल्या असत्या. तू सही केलीस. वर्षभर.

आता विचारशील, तुला क्लासचं इतकं नक्की कसं माहीत. माझ्याच लूनावर मागे बसून जायचीस म्हणून. तुला सोडून मी भाजी घ्यायला जायचे. सहाला तू प्रयोगशाळेत नसायचीस हे मला माहीत होतं. आणखी एक. सकाळी मीडियम ताजं गुलाबी दिसायला हवं, ते शिळं, पिवळट दिसायचं. मला दिसायचं. विचारलं असतं तर तुझा क्लास बुडला असता आणि माझा शोधही.

हे मी परवा सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या वाट्याची शिक्षा तुला मिळेल. पण ती सही खोटी आहे, हे ज्याची सही त्यानेच सांगायचं." बावीस तारखेला समितीची बैठक आहे. चूक ठरली तर प्रयोग पुन्हा करायचे. लबाडी ठरली तर चार वर्षं गेली, पीएच.डी. गेली, आणि या शहरात मला कोणी डिश धुवायलाही ठेवणार नाही.

सोबत पाकीट आहे. सरांचा पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय. आत एकच वाक्य घालायचंय: त्या मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी मी तिथे नव्हते. खाली सही कर. ती तुला सहज जमते.

'तुझीच' हा शब्द ते पाकीट सरांच्या टेबलावर पोचेपर्यंत माझ्याकडेच राहू दे.

नम्रता