निशीचा ड्रायर

गोडदेव, भाईंदर पूर्व

प्रिय निशी,

तू दुबईहून पाठवलेला कपड्यांचा ड्रायर काल सुरू झाला. तुझ्या भावाने फोनवर तेवढं सांगून रिसीव्हर ठेवला, म्हणून बाकीचं मी लिहितेय.

दसऱ्यानंतर तो अडून बसला. दिवा लागायचा, पुढे काही नाही. थेट आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सुभाषने आधी प्लगवर संशय घेतला, मग फ्यूजवर, मग व्होल्टेजवर आणि शेवटी माझ्यावर. केबिन रोडवरून उत्तम नावाच्या मेकॅनिकला आणलं. त्याने स्क्रू न काढताच 'भाभी, मोटर गया' असं जाहीर केलं आणि चहा पिऊन गेला. इकडे चादरींचा डोंगर. आईंना अर्धांगाचा झटका आल्यापासून दिवसाला चार-पाच निघतात. समोरची बिल्डिंग इतकी चिकटलेली, की ऊन त्यांच्या परवानगीने येतं, आणि वर परतीचा पाऊस. दारांवर चादरी, टीव्हीवर चादर. रडायला बसावं तर खुर्चीवरही ओली चादर.

तू मात्र रोज फोन केलास, माहितीपुस्तिका समोर घेऊन. जाळी साफ केलीस का, दार नीट लागतंय का, 'अरे दादा, आधी ऐकून तर घे!' सुभाष स्पीकर लावायचा आणि तुमची भांडणं आई हॉलमधल्या कॉटवरून ऐकायच्या. एरवी महिन्यातून एकदा येणारा तुझा आवाज रोज घरात. त्या दिवसांत त्यांनी पेजेला एकदाही नको म्हटलं नाही. संध्याकाळ झाली की माझ्याकडून केस विंचरून घ्यायच्या. फोनवर कोणाला दिसणार होतं, देव जाणे.

काल तू दाराचं पुन्हा विचारलंस, म्हणून त्याच्या खाचेत केसांतला आकडा घालून बघितला. निघाल्या काय, अक्षता! कुंकवात लिंपून घट्ट बसलेल्या. दार लागलंय हे मशीनला कळतच नव्हतं. दसऱ्याला मिक्सर, स्कूटर, ड्रायर, सगळ्यांची पूजा केली. आईंना धरून उभं केलं, तर त्यांनी दार उघडायला लावलं आणि मूठभर अक्षता आत टाकल्या. माझ्या लेकीने पाठवलाय, त्याला उंबऱ्यावरूनच काय वाटेला लावायचं, म्हणाल्या.

ड्रायर घरघरला तशी मी हसत त्यांच्याकडे वळले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. जड जिभेने म्हणाल्या, 'आता निशीचा फोन कशाला येईल?' आज पेजेची वाटी तशीच परत आली.

म्हणून हे पत्र. चादरी मी धुवीन, वाळवीन, त्यात कमी पडणार नाही. पण तुझ्या जागी मला बसता येत नाही गं, आणि आता फार थकलेय. डॉक्टर दिवाळीपलीकडचं काही बोलत नाहीत, आणि तुझा दादा तुला हे सांगायला धजत नाही. तू ये. रजेचं, तिकिटाचं सगळं मला कळतं, तरी ये. येताना काही आणू नकोस, प्लग असलेलं तर मुळीच नको. नुसती त्यांच्या कॉटवर येऊन बस, आणि मला एक दुपार झोपू दे.

दमलेली, पण तुझीच,
उर्मिला वहिनी