राजसच्या दोन फायली

प्रिय हिमानी,

एकाच घरात राहून सुनेला पत्र लिहावं लागतंय. बोलायला गेलो की माई सासूच्या तोऱ्यात मध्ये बोलते आणि मी गप्प बसतो. काल राजसची सोनोग्राफी स्वच्छ आली, खडे गेले, ऑपरेशन टळलं. तरी माझी चिडचिड जात नाही.

सात वर्षांचं पोर. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात न्यूमोनियासाठी दहा दिवस सेफ्ट्रिआक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं घेऊन कात्रपला घरी आलं आणि चार दिवसांत पोट धरून रडू लागलं. इथल्या सर्जनने पित्ताशयात खडे सांगितले, पित्ताशय काढायची तारीखही दिली. आधी काय औषध झालं हे कुणी विचारलंच नाही, असं मी आल्यागेल्याला सांगत आलो. ते खरं नाही. सर्जनने विचारलं होतं. तू उत्तर देणार तेवढ्यात मीच म्हणालो, "छातीचा विषय वेगळा, त्याची फाइल वेगळी." अंबरनाथच्या कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, एका फायलीतला कागद दुसरीत जाऊ दिला नाही. तीच शिस्त नातवाला लावली. त्यांनीही पुढे खोदून विचारलं नाही.

मग घरात चौकशी सुरू झाली ती तुझी. डब्यात रोज नूडल्स दिल्यावर दुसरं काय होणार, असं माई म्हणाली आणि मी मान डोलावली. तुझं जेवण तुटलं, तेही मला दिसत होतं.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी जुने सगळे कागद मागितले, तेव्हा ती फाइल निघाली. तू राजसला घेऊन बाहेर बसली होतीस. दोन्ही फायली शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, "आजोबा, हे दोन आजार नाहीत. या इंजेक्शनाने काही मुलांच्या पित्ताशयात साका धरतो, सोनोग्राफीत तो खड्यांसारखाच दिसतो. औषध थांबलं की बहुतेकदा आपोआप जातो." त्या सर्जनशी बोलल्या, तारीख पुढे गेली. घरी मी एवढंच सांगितलं, की थांबायला सांगितलंय.

आज सकाळी माई माझ्या बहिणीला फोनवर सांगत होती, नूडल्स बंद केल्या आणि खडे विरले. तू ओट्यापाशी उभी राहून ऐकत होतीस. मी पेपर तोंडापुढे धरून बसलो होतो. रविवारी सगळे जेवायला येतील, तेव्हा हे पत्र मी त्यांच्यासमोर वाचणार आहे. आधी तू वाच. कुठे मी स्वतःला सांभाळून घेतलं असेल, तर ते खोडून तुझ्या शब्दांत लिही. जसं लिहिशील तसं वाचेन.

तुझाच,
बाबा