दोन टब आणि अस्तनीतला निखारा

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून सुरुवात. महिनाअखेरीला आमच्या ए विंगची बी विंगशी रस्सीखेच. गेल्या वर्षी हरलो आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मी दोर सोडला म्हणे. मी सोडला नाही, तो सुटला. पण हे तळमजल्यावरच्या रिटायर्ड पी. टी. सरांना कोण सांगणार? टीम तेच निवडतात. जिन्यातली पोरं मला ‘दोरसोड्या’ म्हणतात. यंदा शेवटच्या, म्हणजे सगळ्यात भरवशाच्या जागेवर मीच उभा राहणार. पोरांची तोंडं बंद करणार.

संध्याकाळी
वीस बैठका मारल्या. बारा. पाय लटलट कापत होते. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. व्यायामानंतर आधी गरम पाण्यात, मग थंड पाण्यात, पुन्हा गरम. मोठमोठे खेळाडू हेच करतात. इतके दिवस कुठं चुकत होतं ते कळलं. व्यायाम कमी नव्हता, रिकव्हरी कमी होती.

५ फेब्रुवारी
दोन टब मिळाले. एक कपडे भिजवायचा, दुसरा मुलगी तान्ही असतानाचा. दुसऱ्यात फक्त बसता येतं, पाय बाहेर राहतात. व्हिडिओत पायच बुडवायला सांगितलेत. हळूहळू जमेल.
अडचण पाण्याची. पंप बिघडलाय, चौथ्या मजल्यावर नळाला करंगळीएवढी धार. लिफ्ट बंद. पण मेहुणा आहे. नोकरी शोधायला आलाय आणि सोफा सोडत नाही. त्याला सांगितलं की खालच्या टाकीवरून बादल्या भरून आण, कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून बर्फ आण. भाऊजी, तुमच्यासाठी काय पण, म्हणाला. बायकोनं माझ्याकडे रोखून पाहिलं. तिच्या भावाचं भलंच करतोय मी.

८ फेब्रुवारी
व्यायाम राहिला. ऑफिसात ऑडिट. पण रिकव्हरी चुकवली नाही. उद्याच्या व्यायामाची रिकव्हरी आजच उरकून टाकली. ॲडव्हान्समध्ये चालते का, हे व्हिडिओत नाही. चालत असणार.
थंड टबात बसताना तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या काकू बेल वाजवून चौकशी करून गेल्या. बायकोनं सांगितलं, काही नाही, खेळाडू आहेत.

१२ फेब्रुवारी
व्यायामाला वेळ मिळेना, रिकव्हरीतच सगळा वेळ जातो. अंग मात्र हलकं वाटतंय. वजन वाढलंय, ते स्नायूंचं. मेहुणा पूर्वी एक बादली आणताना दुसऱ्या मजल्यावर बसकण मारायचा. आता दोन हातांत दोन, वर शीळ. आळस गेला बिचाऱ्याचा. माणूस घडवायला हात लागतो.

१६ फेब्रुवारी
पी. टी. सर जिन्यात भेटले. मनगट दाबून पाहिलं. माझं नाही, मेहुण्याचं. तो बादल्या घेऊन पुढे, मी मागून रिकाम्या हातानं धापा टाकत. कुठल्या जिमला जातोस, असं सरांनी विचारलं. भाऊजींच्या, म्हणाला. गोड स्वभाव. माझी तयारी सरांच्या कानावर गेली हे बरं झालं.

२० फेब्रुवारी
सिलेक्शन. पहिल्या खेपेला मुद्दाम जोर राखून ठेवला. दुसऱ्या खेपेला लावणार होतो. दुसरी खेप आलीच नाही.
सरांनी नावं वाचली. शेवटच्या जागेवर मेहुणा. मी राखीव. राखीव!
अस्तनीतला निखारा. माझ्या घरात राहून, माझ्याच बादल्या वाहून, माझीच जागा घेतली. तू नाही म्हणायला हवं होतंस, असं त्याला तोंडावर सांगितलं. सर ऐकेनात, पुन्हा बोलतो, म्हणाला. बोलतो म्हणे!

२२ फेब्रुवारी
घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मुलीनं मामासाठी पोस्टर रंगवलं. बायकोनं त्याला जास्तीची अंडी उकडली. तो प्रॅक्टिसला गेला, त्यामुळे बादल्या नाहीत, बर्फ नाही. गरम नळाच्या बारीक धारेनं अर्धा टब भरला आणि गार होत चाललेल्या पाण्यात एकटाच बसलो. रडू आलं. तोंडावर पाणी मारून घेतलं.

२७ फेब्रुवारी
उद्या बघायला जाणार नाही. बायको म्हणाली की राखीव माणसाला हजर राहावं लागतं. जाईन. पण कोणाशी बोलणार नाही.

२८ फेब्रुवारी, दुपारी
आपल्या लोकांत उभं राहवेना म्हणून पार पलीकडे, बी विंगच्या बाजूला जाऊन थांबलो. त्यांचा एक गडी आला नव्हता. त्यांचा कॅप्टन, तो चष्मेवाला डेंटिस्ट, माणूस शोधत फिरत होता. मी ए विंगचा, हे त्याला माहीत होतं. दोर धरता येतो ना, एवढंच त्यानं विचारलं.
मी धरला. म्हटलं, आता कळेल सगळ्यांना.
मेहुणा समोर खुर्चीवर बसला होता, मनगटाला पट्टी बांधून. नाटकं. मग पी. टी. सरांनी मला पाहिलं. त्यांनी मेहुण्याला दंडाला धरून उठवलं आणि दोराशी उभं केलं. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पट्टी सोडून टाकली. शिट्टी झाली. पुढचं पटकन झालं. मी पोटावर घसरत आमच्याच विंगच्या पायाशी जाऊन पोचलो. कोणी हसलं नाही. पोरंसुद्धा नाही.

संध्याकाळी
मुलीनं रडत रडत सांगितलं. मामाचं मनगट दुखत नव्हतंच. सकाळी त्यानं सरांकडे जाऊन खोटंच सांगितलं, म्हणजे राखीव माणसाला घ्यावं लागेल. सर तयार झाले होते. बाबा, तुम्ही खेळणार, हे सांगायला ती मला मैदानभर शोधत होती. सापडलो तो बी विंगच्या दोरावर.
मी म्हणालो की हे मला आधी सांगायला हवं होतं. लपवून केलेलं भलंसुद्धा एक प्रकारचा दगाच. मुलगी उठून आत गेली.
मेहुणा बॅग भरतोय. मित्राकडे राहतो म्हणाला, तुम्हाला अडचण नको. मला फार लाज वाटली. थांब म्हणायला उठलो, दारापर्यंत गेलो, आणि जाताना दार नीट लावून घे, असं म्हणालो.
उद्या फोन करीन. नक्की.