बहिष्कार, बटाटा आणि हॉटेल लीमा

सोमवार, ६ फेब्रुवारी १९७८
कामगार बंधूंनो! गेली चार वर्षं कंपनीच्या कँटीनमध्ये तुमच्या-माझ्या ताटात रोज तीच बटाट्याची पातळ भाजी पडते आहे. तिच्यात बटाटा शोधावा लागतो, आणि सापडला की वाईट वाटतं.
(ही खाजगी रोजनिशी आहे, ठाऊक आहे. पण पेन उघडलं की समोर सभाच दिसते.)
युनियनचा जनरल सेक्रेटरी म्हणून आज गेटवर हेच पन्नास मिनिटं बोललो. सडक्या मांसावरून रशियन खलाशांनी बंड केलं, हा दाखला दिला. टाळ्या. एकमताने ठराव: बटाटा आठवड्यातून दोनच दिवस, तोवर कँटीनवर बहिष्कार. आठशे माणूस घरून डबा आणणार.
विजय आठ दिवसांत. फार तर नऊ.

बुधवार, ८ फेब्रुवारी
कँटीन ओस. पर्सोनेल ऑफिसर नंदकिशोरसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. मी पाहिला नाही.
घरी पद्मा म्हणाली, "पहिली पाळी सातची, म्हणजे डब्यासाठी मी चारला उठायचं. लढा तुमचा आणि स्टोव्ह माझा का?" तिला चळवळीतलं गृहिणींचं योगदान समजावून सांगितलं. मध्येच उठून ती भाजी निवडायला गेली. हेच ते योगदान.
निश्चय: उद्यापासून मीही चारला उठणार.

गुरुवार, ९ फेब्रुवारी
साप्ताहिक सुट्टी. निश्चय लागू नाही.

शुक्रवार, १० फेब्रुवारी
सव्वासहाला उठलो. पद्मा काही बोलली नाही. मूक पाठिंबा.

सोमवार, १३ फेब्रुवारी
लेथवरचा सोनबा तळवड्याहून सायकलने येतो. म्हणाला, "भाऊ, भाकरी ग्वाड लागती, पन बायकू इचारती, ह्यो बहिष्कार साहेबावर हाय का माज्यावर?" त्याला इतिहासाची दिशा सांगितली. तो भाकरीच मोडत राहिला.
आमचा खजिनदार इम्तियाज, टूलरूममधला फिटर, त्याचंही तेच. "भाऊ, घरी कनीज रोज तवा आपटते. कंपनीला काय फरक पडला? एकदा बसून बोलून तर बघा." बोलून! मी बोलत नाही तर काय करतो?

मंगळवार, १४ फेब्रुवारी
शत्रू वाकला! नंदकिशोरसाहेबांनी बोलावून घेतलं.
विषय वेगळा निघाला. पेरू देशातून दोन इंजिनियर आमची यंत्रं तपासायला आलेत आणि आमटीभाताला कंटाळलेत. पुण्यात कॅम्पात एका गोवेकराने हॉटेल लीमा काढलं आहे. तो जहाजावर खानसामा होता. पेरूच्या बंदरात अकरा वर्षं राहून तिकडचा स्वयंपाक शिकला. उद्या संध्याकाळी पाहुण्यांना तिथे नेणार. साहेब म्हणाले, "तुमच्याइतकं वाचलेला माणूस कंपनीत दुसरा नाही. या, कँटीनचंही बोलू." पहिलं वाक्य अचूक आहे.
बहिष्कार कँटीनवर आहे, हॉटेलवर नाही. तरीही तत्त्व म्हणून फक्त पाणी पिणार. इम्तियाजला सांगितलं नाही. त्याला आधीच काळज्या फार.

गुरुवार, १६ फेब्रुवारी, सकाळी
कालचा वृत्तांत. पाणी प्यालो.
मग लिंबात मुरवलेला कच्चा मासा आला. दुरून पाहिला. जवळून पाहिला. चार तुकडे पाहिले.
स्पॅनिश लुटारूंनी पेरूची काय दशा केली यावर पाहुण्यांसमोर अर्धा तास इंग्रजीतून बोललो. एकाने साहेबांना हळूच विचारलं की हे गृहस्थ जेवणाआधी रोजच एवढी मोठी प्रार्थना म्हणतात का.
नंतर बटाटे. उकडलेले, वर चीज आणि मिरचीचा पिवळाधमक दाट रस. मागोमाग बटाट्याचाच लिंबू पिळलेला गार थर, पोटात कोंबडी. मालक सांगत होता की बटाटा मुळात तिथल्याच डोंगरांतला. शत्रूचा अभ्यास करणं नेत्याचं कर्तव्य आहे. तीन प्लेट अभ्यास केला.
कँटीनचा विषय काढणारच होतो, पण तोंडात घास होता.
उद्याच्या सभेचे मुद्दे तिथल्याच मेनूकार्डाच्या पाठीवर टिपले. कागद जाड, उत्तम.
घरी पद्माने ताट झाकून ठेवलं होतं. तिला संशय नको म्हणून तेही जेवलो.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी
गेट सभा. मुद्दा पहिला: बटाट्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय आहे, घाई नको. मुद्दा दुसरा: त्याग. कार्ड समोर धरून बोलत होतो. पुढच्या रांगेत हशा पिकला. वाटलं, विनोद पोचला. कोणता, ते आठवेना.
सोनबा मोठ्याने वाचत होता, "हा-टेल ली-मा. भाऊ, कागदाच्या ह्या अंगाला बटाट्याचं चित्तर हाय!"
इम्तियाज शांतपणे म्हणाला, "भाऊ, एकच सांगा. जेवलात का नाही?"
मी म्हणालो, प्रश्न इतका सोपा नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "मग ढेकर अवघड गेली का राव?"
सभा तहकूब. लोकांनी केली.

रविवार, १९ फेब्रुवारी
कॉलनीच्या नळावर बायकांची सभा झाली. शेजारच्या कौशल्याबाई कौतुकाने सांगत होत्या, पद्मा बोलली म्हणून. दोनच वाक्यं: "आपण चारला उठत होतो आणि हे हॉटेलात जेवत होते. उद्यापासून स्टोव्ह सहाला पेटेल." आणि टाळ्या! दोन वाक्यांत कुठला विषय मांडून होतो?

सोमवार, २० फेब्रुवारी
एकाचाही डबा आला नाही. अकराला कँटीनसमोर आठशेंची रांग. बहिष्कार संपलेला नाही. फक्त माणसं आत गेली. मी बाहेर उभा.
दुपारी इम्तियाज पद्माने लिहून दिलेली भाज्यांची यादी घेऊन साहेबांकडे गेला. वीस मिनिटांत सगळं मान्य. बटाटा आठवड्यातून दोनदा. माझ्या लढ्याचं फळ, पण निकाल सांगायला इम्तियाजने घेतलेल्या गेट सभेत माझं नाव घ्यायचं राहून गेलं.

मंगळवार, २१ फेब्रुवारी
डब्याचं विचारलं. पद्मा म्हणाली, "कँटीन आता चांगलं झालंय म्हणतात."
झालं आहे. आज भरली वांगी होती. खिडकीतून दिसली. सोनबा हाक मारत होता, "या की भाऊ, कोन काय म्हनत न्हाई!" पण आठशे माणसांसमोर ताट उचललं तर बहिष्कार मी मोडला असं होईल. कालपासून दुपारी दोन केळी आणि चहा.
कामगार बंधूंनो! वेळ भाषणाची नाही. उद्या सव्वाअकराला कँटीनच्या मागच्या बाजूला, भांडी घासतात त्या खिडकीपाशी, मी पाठमोरा उभा असेन. तुमच्यापैकी कोणीही एकाने वाढलेलं एक ताट त्या खिडकीत ठेवावं आणि काही न बोलता निघून जावं.